फेनिरामिन दिल्यावर सशाची प्रतिपिंडे घटतात की वाढतात?

प्रश्न एम.फार्म.च्या एका विद्यार्थिनीचा आहे. सशांना मेंढीच्या लाल रक्तपेशी टोचायच्या, त्यातल्या काही सशांना सोबत फेनिरामिन हे ॲलर्जीचे औषध द्यायचे आणि दोन्ही गटांतली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) मोजायची, असा तिच्या प्रबंधाचा विषय. वाचलेल्या निबंधांपैकी काहींत ॲलर्जीच्या औषधाने प्रतिपिंडे घटली, काहींत वाढली, काहींत फरकच पडला नाही. मग खरे काय धरायचे? आणि घरातली मंडळी विचारतात की लस घ्यायच्या दिवशी सेट्रिझिन चालते का, त्यांना काय सांगायचे?

आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन, सेट्रिझिन, लोरॅटाडिन ही एच१ गटातली औषधे, म्हणजे ॲलर्जीची लक्षणे आणणाऱ्या हिस्टामिनला पेशीवरच्या एच१ ग्राहकापाशी (रिसेप्टरपाशी) अडवणारी औषधे, प्रतिपिंडनिर्मिती बंद पाडत नाहीत. ती तिला थोडी इकडेतिकडे सरकवतात. कोणत्या बाजूला सरकवतात, हे प्रतिजन (ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनतात तो टोचलेला पदार्थ) कोणते, औषध टोचणीच्या आधी सुरू झाले की नंतर, आणि मोजलेली प्रतिपिंडे कोणत्या वर्गाची (आयजीएम, आयजीजी की आयजीई), यावर ठरते. सायक्लोफॉस्फामाइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचा मोजलेला आकडा, जसा कोसळतो तसा फेनिरामिनने कोसळलेला कुणी दाखवला, तर मी आधी डोस आणि पिंजरा तपासेन, औषधाचा विचार नंतर करेन. तुम्ही वाचलेले तिन्ही प्रकारचे निकाल एकाच वेळी खरे असू शकतात, कारण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

या औषधांचा जन्मच मुळी प्रतिपिंडांशी संबंध नसलेल्या कामासाठी झाला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोव्हे आणि त्यांच्या सहकारी स्टोब यांनी १९३७ मध्ये हिस्टामिनला अडवणारे पहिले रसायन दाखवले, तेव्हा कसोटी होती गिनीपिगची: हिस्टामिनच्या मारक मात्रेतून तो वाचतो का? ते रसायन माणसाला देण्याजोगे नव्हते. देण्याजोगे पहिले औषध १९४२ मध्ये आले. आयजीई हा वर्ग तर त्या काळी कुणाला ठाऊकच नव्हता. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका यांनी तो डेन्व्हरमध्ये दाखवला १९६६ मध्ये. म्हणजे ॲलर्जीच्या प्रतिपिंडाचा शोध लागण्याआधी जवळजवळ पाव शतक ॲलर्जीची औषधे बाजारात होती. आयजीई आधी तयार होते, हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशींवर जाऊन बसते, प्रतिजन आले की पेशीतले कण मोकळे होतात आणि हिस्टामिन बाहेर पडते. औषध काम करते ते या साखळीच्या शेवटच्या कडीवर. या हिशेबाने वरच्या कडीला धक्काच लागायला नको.

दवाखान्यातला अनुभवही बहुतांशी तेच सांगतो. त्वचेवर टोचून करायच्या ॲलर्जी चाचणीआधी आपण रुग्णाला अँटिहिस्टामिन काही दिवस बंद करायला लावतो, नाहीतर गांध उठतच नाही. पण रक्तातले विशिष्ट आयजीई मोजायचे असेल तर गोळी बंद करायची गरज नसते. औषधाने गांध दबते, प्रतिपिंड होते तिथेच राहते. वर्षानुवर्षे रोज गोळी घेणाऱ्या माणसांचे आयजीई त्या गोळीने उतरत नाही, हे तुमच्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर यायला हवे, कारण बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार.

मग प्राण्यांत फरक का दिसतो? कारण हिस्टामिनचे ग्राहक फक्त रक्तवाहिन्यांवर आणि श्वासनलिकेच्या स्नायूंवर नाहीत, प्रतिकारशक्तीच्या टी आणि बी पेशींवरही आहेत. यातले दोन अभ्यास नीट वाचा, कारण ते वरवर पाहता एकमेकांच्या विरोधात जातात. १९९९ मध्ये एका जपानी गटाने एच१ ग्राहक जन्मापासूनच नसलेले उंदीर तपासले. त्यांच्या टी आणि बी पेशी प्रतिजन-ग्राहकामार्फत उत्तेजित केल्या तर कमी वाढत होत्या आणि टीएनपी-फिकॉल या प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे घटली होती. दोन वर्षांनी, २००१ मध्ये, युटेल आणि सहकाऱ्यांनी तशाच उंदरांत उलट बाजू दाखवली. पेशींच्या संदेशवाहक प्रथिनांपैकी इंटरफेरॉन-गॅमा दबलेले, इंटरल्यूकिन-४ आणि १३ वरचढ, आणि विशिष्ट आयजीई, आयजीजी१, आयजीजी२बी, आयजीजी३ चढलेले.

विरोध दिसतो तेवढा नाही. टीएनपी-फिकॉल हे टी पेशींच्या मदतीशिवाय बी पेशीला थेट चेतवणारे प्रतिजन आहे. तिथे बी पेशीचा स्वतःचा जोर कमी पडला की प्रतिपिंड घटते. प्रथिन टोचले की टी पेशींची मदत लागते, आणि कोणत्या प्रकारच्या मदतनीस टी पेशी पुढे येतात त्यावर वर्ग ठरतो. पहिल्या प्रकारच्या मदतनीस पेशींवर एच१ जास्त, दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर एच२ हा हिस्टामिनचा दुसरा ग्राहक जास्त. एच१ काढला की पहिला प्रकार मागे पडतो, दुसऱ्याला मोकळे रान मिळते, आणि त्याच्यामागोमाग आयजीई-आयजीजी१. आणखी एक गोष्ट घाईत सुटते: २००१च्या त्या निबंधात प्रतिपिंडांची तुलना एच२ नसलेल्या उंदरांशी केलेली आहे. सारांशातले ‘वाढली’ हे क्रियापद उचलताना ‘कुणापेक्षा’ हेही उचला.

शिवाय जन्मापासून ग्राहक नसलेला उंदीर म्हणजे फेनिरामिन दिलेला ससा नव्हे. औषध ग्राहकाला काही तासच अडवते. ही औषधे नुसती अडवतही नाहीत, हिस्टामिन नसतानाही ग्राहकात जी थोडी हालचाल चालू असते ती खाली आणतात. आणि फेनिरामिनसारखी जुनी औषधे ॲसिटिलकोलीनच्या ग्राहकांनाही धरतात, मेंदूत शिरून गुंगी आणतात. तेव्हा ‘फेनिरामिनचा परिणाम’ आणि ‘एच१ अडवल्याचा परिणाम’ हे दोन शब्दप्रयोग प्रबंधात एकमेकांच्या जागी वापरू नका. दुसरा सिद्ध करायचा तर रचना वेगळी असलेले निदान एक तरी एच१ औषध, उदाहरणार्थ सेट्रिझिन, समांतर गटात द्यावे लागेल.

आता तुमच्या प्रयोगाकडे. आपल्याकडे सशावर मेंढीच्या लाल पेशी टोचणे लोकप्रिय आहे, कारण स्वस्त आहे आणि प्रतिसाद दणदणीत येतो. सशाच्या स्वतःच्या ऊतींत फोर्समन प्रतिजन नसते आणि मेंढीच्या लाल पेशींवर ते भरपूर असते, म्हणून तो इतका उसळतो. त्याच कारणाने सशाच्या रक्तात मेंढीच्या पेशींविरुद्ध थोडी नैसर्गिक प्रतिपिंडे आधीपासून असतात. प्रत्येक सशाचे टोचणीपूर्वीचे रक्त कानाच्या कडेच्या शिरेतून घेऊन ठेवा आणि त्याचा टायटर त्याच प्लेटवर लावा. हा नमुना नसेल तर पुढचे आकडे कशाच्या मानाने वाढले ते सांगता येत नाही. रक्त कत्तलखान्यातून आणणार असाल तर ते मेंढीचेच आहे याची खात्री स्वतः करा. आपल्याकडे मटण म्हणून बहुतेक बोकडच कापला जातो, आणि शेळीच्या लाल पेशी इतक्या लहान असतात की खाली बसायलाच फार वेळ लावतात. प्लेट वाचणे अवघड होते. शक्यतो एकाच मेंढीचे रक्त ते गोठू न देणाऱ्या अल्सेव्हर द्रावणात घ्या, फ्रीजमध्ये ठेवा आणि दर वेळी सलाइनने तीनदा धुऊन वापरा.

प्रतिपिंडे मोजायच्या प्लेटबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण निम्मे गोंधळ तिथेच होतात. सिरम ५६ अंशांवर अर्धा तास ठेवून कॉम्प्लिमेंट (लाल पेशी फोडू शकणारी रक्तातली प्रथिने) निष्क्रिय करायचे. गोल बुडाच्या ९६ खाचांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खाचेत ५० मायक्रोलिटर सलाइन, पहिल्या खाचेत तेवढेच सिरम, मग मिसळत मिसळत निम्मे पुढे न्यायचे. शेवटी सर्व खाचांत एक टक्का लाल पेशी. प्लेट झाकून ठेवायची आणि हलवायची नाही. प्रतिपिंडे पुरेशी असतील तिथे पेशी एकमेकींना धरून बुडभर पातळ थर पसरतात. नसतील तिथे घरंगळून मध्यावर लाल बटन होते. थर दिसणारी शेवटची खाच म्हणजे टायटर. त्याच सिरमचा दुसरा भाग मर्कॅप्टोइथेनॉलबरोबर ३७ अंशांवर ठेवून पुन्हा लावायचा. आयजीएमचे पाच तुकडे जोडणारे बंध त्याने तुटतात, आणि जो टायटर उरतो तो मुख्यतः आयजीजीचा.

हा दुसरा टायटर न लावता अनेक जण एकच आकडा देतात, आणि माझ्या मते परस्परविरोधी निकालांचे हे सर्वांत मोठे कारण आहे. पेशी चिकटवण्यात आयजीएम हा आयजीजीपेक्षा कितीतरी पटींनी तरबेज असतो. समजा औषधाने वर्गबदल, म्हणजे आयजीएमकडून आयजीजीकडे जाणे, थोडा लवकर घडवला. सातव्या दिवशी आयजीएम किंचित कमी, आयजीजी किंचित जास्त, एकूण प्रतिपिंड तेवढेच. तरीही प्लेटवर एकूण टायटर दोन खाचा खाली दिसेल आणि निबंधात लिहिले जाईल, ‘औषधाने प्रतिपिंडनिर्मिती दडपली’. दडपलेले काहीच नसते.

आणि इथे सशाची एक मोठी अडचण आहे. उंदरात आयजीजीचे उपवर्ग आहेत, त्यांच्या प्रमाणावरून कोणत्या मदतनीस पेशी वरचढ आहेत ते वाचता येते. सशात आयजीजीचा एकच उपवर्ग आहे. हिस्टामिनचा खेळ जर मुळात वर्ग आणि उपवर्गांच्या वाटपात असेल, तर तो पाहायला ससा हा चुकीचा प्राणी आहे. मार्गदर्शकांना पटवता आले तर निदान एक छोटा गट बॅल्ब-सी जातीच्या उंदरांचा घ्या, अंड्यातले ओव्हाल्ब्युमिन तुरटीवर्गीय ॲल्युमिनियम क्षाराबरोबर पोटात टोचा आणि आयजीई, आयजीजी१, आयजीजी२ए एलायझा या रक्तचाचणीने मोजा. सी५७ ब्लॅक-६ जातीचे उंदीर मिळाले तर एक सांभाळा: त्यांच्यात आयजीजी२एच्या जागी आयजीजी२सी असते. २एचे किट लावून ‘पहिल्या प्रकारचा प्रतिसाद नाहीसा झाला’ असे लिहिलेले लोक आहेत.

वेळेचा मुद्दा यानंतरचा, पण तितकाच निर्णायक. लिम्फ पेशी प्रतिजन ओळखतात, विभागू लागतात आणि कोणत्या बाजूला जायचे ते ठरवतात, ते पहिल्या दोन-तीन दिवसांत. औषध टोचणीच्या आधीपासून चालू असेल तर ते या खिडकीत हजर असते. सातव्या दिवसापासून सुरू केले आणि दहाव्या दिवशी रक्त काढले, तर तुम्ही आधीच बनून गेलेले आयजीजी मोजता आहात. सशाच्या रक्तातून ते निम्मे व्हायलाच पाच-सहा दिवस लागतात. उलट उंदराच्या रक्तातले मोकळे आयजीई तासांच्या हिशेबात निम्मे होते, त्यामुळे तिथे एका दिवसाचाही फरक आकड्यात उतरतो. दुसऱ्या टोचणीच्या वेळी स्मृतिपेशी तयार असतात, त्यांना फारसे कुणाचे ऐकायचे नसते. म्हणून पहिल्या आणि बूस्टरनंतरच्या प्रतिसादाची सरासरी काढणे मला मुळीच मान्य नाही.

डोस. सशाला किलोमागे १० मिलिग्रॅम हा आकडा कागदावर सौम्य वाटतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिलेल्या शरीरपृष्ठाच्या गुणकांनी तो माणसात बदला: सशाचा १२ भागिले माणसाचा ३७, म्हणजे किलोमागे सुमारे ३.२ मिलिग्रॅम, ६० किलोच्या माणसाला साधारण १९५ मिलिग्रॅम. दिवसातून दोनदा दिले तर ३९०. ॲव्हिलच्या २५ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीनदा घेणाऱ्याला मिळतात ७५. याचा अर्थ डोस चूक आहे असा नाही. लहान प्राण्यांचे यकृत ही औषधे झपाट्याने मोडते, म्हणून जास्त द्यावेच लागते. पण निष्कर्षात ‘रुग्णांनी सावध राहावे’ असे वाक्य लिहायचा मोह होईल तेव्हा हा हिशेब शेजारी ठेवा.

गुंगीत असलेला ससा कमी खातो, वजन उतरते. दिवसातून दोनदा धरून टोचला जाणारा ससा घाबरतो आणि त्याचे कॉर्टिसोल चढते, जे स्वतःच प्रतिपिंडनिर्मितीवर दाब आणते. म्हणून नियंत्रण गटाला तेवढ्याच वेळा, त्याच हाताने, तेवढेच सलाइन टोचले पाहिजे. नुसते पिंजऱ्यात बसलेले ससे हे नियंत्रण नव्हे. वजन रोज लिहा. आणखी एक स्वस्त तपासणी: नियंत्रण सशाच्या चांगल्या टायटरच्या सिरममध्ये बाहेरून फेनिरामिन मिसळून प्लेट लावून बघा. टायटर हलला नाही, तर औषध चाचणीत ढवळाढवळ करत नाही हे एका ओळीत सांगता येते. आकडेमोड टायटरवर न करता त्याच्या लॉग२ वर करा, आणि सहा-सहा सशांच्या गटांत एका खाचेच्या फरकाला फरक म्हणू नका. तेवढा फरक पिपेट धरणाऱ्याच्या हातानेही पडतो. तुमच्या संस्थेच्या प्राणी नैतिक समितीला प्राण्यांची संख्या कळवताना हेच कारण द्या.

आयजीईसाठी कुणी जुनी त्वचेची पद्धत सुचवेल: सिरमचे पातळ केलेले नमुने रॅटच्या कातडीत टोचायचे, ४८ तासांनी शिरेतून प्रतिजन आणि इव्हान्स ब्लू हा निळा रंग सोडायचा आणि निळे डाग मोजायचे. ४८ तास थांबायचे, कारण तोवर आयजीजी धुऊन जाते आणि आयजीई मास्ट पेशींना चिकटून राहते. पद्धत सुंदर आहे, पण डाग उठतो तोच मुळी हिस्टामिन आणि सेरोटोनिनमुळे. औषध चालू असलेल्या प्राण्यावरच ही चाचणी केली, तर डाग लहान येणार आणि तो प्रतिपिंड घटल्याचा पुरावा मानला जाणार. डाग नेहमी औषध न मिळालेल्या प्राण्यावर वाचा. प्राण्याची जातही बघा: गिनीपिग हिस्टामिनपुढे गारद होतो, उंदीर कितीतरी सहन करतो. मात्र डांग्या खोकल्याच्या जंतूंचे विष टोचलेला उंदीर एकाएकी हिस्टामिनला हळवा होतो. आयजीई वाढवण्यासाठी हे विष सहायक म्हणून वापरले असेल, तर अँटिहिस्टामिन गटातले जास्त उंदीर जगणे यात प्रतिपिंडांचा काही हात नसू शकतो.

‘ॲलर्जीचे औषध’ या नावाखाली बाकी जे येते ते एका पिशवीत घालू नका. सोडियम क्रोमोग्लायकेट मास्ट पेशी स्थिर करते. मात्र १९९४ मध्ये माणसाच्या बी पेशींत ते आयजीईकडे होणारा वर्गबदलच रोखते असे परीक्षानळीत दिसले होते. जपानमधले सुप्लाटास्ट हे इंटरल्यूकिन-४ आणि ५ वर दाब आणून आयजीई उतरवते, म्हणजे प्रतिपिंडावर परिणाम हाच त्याचा हेतू. स्टिरॉइडे प्राण्यांत प्रतिपिंडे दाबतात, तर दम्याच्या रुग्णांत रोग सुधारत असताना आयजीई वाढलेलेही दिसले आहे. ओमॅलिझुमॅब हे आयजीईला बांधणारे औषध उंदराच्या आयजीईला ओळखतच नाही, म्हणून साध्या उंदरावर ते तपासणे व्यर्थ. माणसात ते दिल्यावर एकूण आयजीईचा आकडा वर जातो, कारण औषधाला बांधलेले आयजीई रक्तातून हळू निघते. मोकळे आयजीई मात्र खाली आलेले असते. रिपोर्ट पाहून घाबरलेले रुग्ण फोन करतात ते याच आकड्यामुळे.

आता घरच्यांचा प्रश्न. लसीच्या दिवशी घेतलेल्या सेट्रिझिनच्या एका गोळीने लस वाया जाते, असे मानण्याला वरच्या कोणत्याही प्रयोगात आधार नाही. प्रयोगात उंदराला किलोमागे १० मिलिग्रॅम दिले, तर वरच्याच गुणकांनी ते ६० किलोच्या माणसाच्या हिशेबात जवळपास ५० मिलिग्रॅम होतात. आपली गोळी १०ची. ताप उतरवण्याच्या औषधाची गोष्ट वेगळी आहे. चेक प्रजासत्ताकातल्या बाळांवरच्या २००९च्या चाचणीत लसीबरोबर प्रतिबंधक म्हणून पॅरासिटामॉल दिल्यावर काही प्रतिजनांविरुद्धची प्रतिपिंडे कमी आली होती. अँटिहिस्टामिनबद्दलची सूचना वेगळ्या कारणाने आहे. कोविडच्या लसीकरणात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लसीआधी सरसकट अँटिहिस्टामिन देऊ नका असे सांगितले, ते प्रतिपिंडांसाठी नव्हते. गोळीने ॲनाफिलॅक्सिस टळत नाही, फक्त अंगावरच्या गांधी झाकल्या जातात आणि उपचाराला उशीर होतो.

तेव्हा ज्यांची सेट्रिझिन रोज चालू आहे त्यांनी लसीसाठी ती बंद करायची गरज नाही. ज्यांची चालू नाही त्यांनी ‘रिॲक्शन येऊ नये’ म्हणून मुद्दाम घेऊ नये. ज्यांना आधीच्या लसीने खरोखर रिॲक्शन आली होती, त्यांनी टोचणाऱ्याला ते आधी सांगावे, ॲड्रेनलिन हाताशी असलेल्या केंद्रावर जावे आणि टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसून राहावे.